घाट चढताना पद्मिनी तापते, उतरताना ब्रेक मऊ पडतो. सुरुवात कुठून करू?

साखळीची_पद्मिनी | ४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाऊस सुरू व्हायच्या आत आईला बेळगावला माहेरी न्यायचंय आणि तिला याच गाडीतून जायचंय. बाबा दर मे महिन्यात तिला हिच्यातूनच न्यायचे.

गेल्या रविवारी एकटाच चाचणीला निघालो. साखळीहून केरीपर्यंत काटा मध्यावर. अंजुणे धरण मागे पडून चोर्ल्याची चढण लागली आणि काटा सरकायला लागला. चार-पाच वळणांत लाल रेघेवर. गाडी बाजूला घेतली, तर रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसतेय. तासभर थांबलो, पाणी भरलं आणि मुकाट्याने माघारी वळलो. उतारावर ब्रेकचं पेडल मऊ पडलं. दोनदा पंप केलं की लागायचा. शेवटच्या वळणावर पेडल जवळजवळ तळाला टेकलं. घरी पोचल्यावर बराच वेळ हात थरथरत होते.

आतापर्यंत काय केलंय ते सांगतो. रेडिएटर उघडून कोअर (आतली नळ्यांची जाळी) साफ करून घेतला, वरचा-खालचा होज नवा, फॅन बेल्ट नवा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) मेकॅनिकने काढून टाकलाय. साडेनऊ हजार गेले आणि फरक शून्य. ब्रेकवर मला संशय नाही, कारण तीनच महिन्यांपूर्वी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणारा) गळत होता म्हणून नवा बसवला, तेलही नवीन घातलं. गॅरेजमध्ये जॅक लावून पाहिलं, चाकं मोकळी फिरतात.

मेकॅनिक म्हणतो, जुनी गाडी, मे महिना, घाटात तापणारच. मला हे पटत नाही. बाबांच्या वेळीही मे महिनाच असायचा आणि ही गाडी कधी उकळली नाही.

---

पाटो_पूल | ४ मे, रात्री १०.०५

इलेक्ट्रिक फॅन लावा आणि रेडिएटर तीन कोअरचा करून घ्या. माझ्या गाडीला लावलाय, काटा हलत नाही.

---

रानभाजी | ४ मे, रात्री १०.१२

केरी म्हणजे पेडण्याची केरी ना? तिथे कुठला घाट?

---

साखळीची_पद्मिनी | ४ मे, रात्री १०.२०

@रानभाजी, सत्तरीची केरी. पेडण्याच्या केरीला गाडी तापली तर पुढे सरळ समुद्र आहे. :)

---

सुरंगी | ४ मे, रात्री १०.५१

आधी एक विनंती. या ब्रेकवर आईला घेऊन घाटात जाऊ नका. रेडिएटर उकळला तर गाडी थांबते. ब्रेक उकळले तर गाडी थांबत नाही.

---

तांबडी_माती | ५ मे, सकाळी ७.३०

डिचोलीचा आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे खाणींचे ट्रक चालायचे तेव्हा रेडिएटरच्या पाकळ्यांत तांबडी धूळ जाऊन बसायची. पावसात ती भिजून चिखल, उन्हात वाळून वीट. आतून कोअर कितीही साफ करा, बाहेरून वारा जायला वाटच नसेल तर उपयोग काय? इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या नळाचं पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, पाकळ्या दुमडतात. तांबडं पाणी यायचं थांबेपर्यंत सोडत राहा.

दुसरं म्हणजे पाणी कुठलं घालता? विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर बंद करा. किनाऱ्याकडच्या विहिरींत खारटपणा आणि आत आमच्याकडे लोखंडाचा अंश, दोन्ही आतून खातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला.

---

मांडवीकाठ | ५ मे, सकाळी ९.१५

गोव्याची हवा दमट आहे हे मुख्य कारण. दमट हवेत रेडिएटर थंड होत नाही, जसा आपल्याला घाम वाळत नाही तसा. कोरड्या हवेत हीच गाडी बिनतक्रार चालेल.

---

भौतिक_मास्तर | ५ मे, दुपारी १.४०

@मांडवीकाठ, इथे थोडी दुरुस्ती करतो. घाम वाळून अंग थंड होतं, म्हणून दमटपणा आपल्याला जाचतो. रेडिएटरला घाम येत नाही. आतलं पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा ३४ अंशांवर, या फरकावर त्याचं काम चालतं. हवा दमट की कोरडी याने त्याला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. राजस्थानात ४५ अंशांच्या कोरड्या हवेत उलट त्याला जास्त जड जाईल.

दमटपणा मारतो तो ब्रेक ऑइलला. डॉट ३ आणि डॉट ४ ही तेलं हवेतलं पाणी शोषतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ पडतं. साखळीकरांना उतारावर जे जाणवलं ते हेच असणार.

उतारावर ब्रेकला किती उष्णता पचवावी लागते पाहा. गाडी, माणसं, सामान मिळून १२०० किलो धरू. ७०० मीटर खाली उतरलं तर जी ऊर्जा सोडायची असते, तेवढ्यात घागरीतलं गार पंचवीस लिटर पाणी खळखळून उकळेल. इंजिन आणि वारा त्यातला वाटा उचलतात, उरलेलं सगळं चार लोखंडी ड्रमांना.

पण साखळीकर, तुमचे ब्रेक अर्ध्याच घाटातून परतताना मऊ पडले आणि तेल तीनच महिन्यांचं होतं. हे मला खटकतंय.

---

बीटल_बाणावली | ५ मे, दुपारी २.१०

माझ्या बीटलला पाणीच नाही, त्यामुळे रेडिएटरचा त्रास नाही! पण हवेवर थंड होणारं इंजिनही तापतंच. इंजिनभोवतीचे पत्रे आणि कडेचे रबर गेले की पंखा आपलीच गरम हवा परत ओढतो. माझ्या गाडीचा तिसरा सिलिंडर नेहमी जास्त तापायचा. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर नेमका त्याच्या हवेच्या वाटेत बसवलेला असतो. रबरं नवी घातल्यावर फरक पडला.

---

पाटो_पूल | ५ मे, दुपारी २.३०

बीटल वेगळी, पद्मिनी वेगळी. मी परत सांगतो, इलेक्ट्रिक फॅन.

---

अंबूवाला | ५ मे, सायं. ६.०२

पाटोबाब, फॅन लावून काटा खाली येईल, पण गाडी का तापते याचं उत्तर त्यात नाही. शिवाय जुन्या डायनामोची गाडी असेल तर कमी वेगात तो फॅनला पुरेसा करंटच देत नाही. फॅन, हेडलाइट, वायपर एकदम लावले की बॅटरी बसते.

माझी अँबॅसेडर १९८४ची, १४८९ सीसी. नवा झुआरी पूल व्हायच्या आधी जुन्या पुलावर तास तास अडकायचो. त्या रांगेत माझी गाडी कधी उकळली नाही. साध्या गोष्टी मात्र जागच्या जागी होत्या: थर्मोस्टॅट, रेडिएटरचं चांगलं झाकण, ठिणगीचं बरोबर टायमिंग.

झाकणाकडे कोणी बघत नाही. सात पौंड दाबाच्या झाकणाने पाण्याचा उत्कलनबिंदू अकरा-बारा अंशांनी वर जातो. रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पाणी शंभरालाच उकळतं, घाटमाथ्यावर तर त्याच्याही आधी. बाकी खर्च करण्याआधी नवं झाकण घ्या.

थर्मोस्टॅट काढायचं मात्र मला अजिबात पटत नाही. काही इंजिनांत तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतो. गार इंजिन चालवल्याने सिलिंडर झिजतात ते वेगळंच. बिघडलाय का ते घरी कळतं. पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, शेजारी थर्मामीटर. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

---

मोलेचा_वाटाड्या | ५ मे, रात्री ८.४४

आमच्या भागात सगळे मेकॅनिक थर्मोस्टॅट काढतात. तीस वर्षं बघतोय, कुणाचं इंजिन बसलं नाही. अंबूवाले, पुस्तकातलं आणि रस्त्यावरचं वेगळं असतं.

---

अंबूवाला | ५ मे, रात्री ९.१०

बसलं नाही म्हणजे झिजलं नाही असं नव्हे, मोलेकर. तुमच्या ओळखीतल्या गाड्या लिटरला किती देतात ते विचारून बघा.

---

गिअर_न्यूट्रल | ५ मे, रात्री ९.३०

मी तर उतारावर न्यूट्रल टाकतो. इंजिन थंड होतं आणि पेट्रोलही वाचतं.

---

सुरंगी | ५ मे, रात्री ९.३४

दादा, हात जोडते, असं करू नका. माझे वडील अँबॅसेडर टॅक्सी चालवायचे. त्यांचा एकच नियम होता: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. जुन्या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. एका जागी गेलं की चारही चाकांचं गेलं.

त्यांच्याच गाडीची गोष्ट सांगते, साखळीकरांना कदाचित उपयोगी पडेल. एकदा अनमोड चढताना गाडी ओढेना. बाबा म्हणाले, इंजिन दमलंय. रेडिएटर बघितला, टायमिंग बघितलं, प्लग बदलले. एक दिवस आई मागच्या सीटवरून म्हणाली, काहीतरी जळल्याचा वास येतोय, रबरासारखा. थांबून बाबांनी पुढच्या डाव्या चाकावर ओंजळभर पाणी शिंपडलं. तव्यावर पडल्यासारखं चर्र झालं.

त्या चाकाचा होज पाइप बाहेरून नवा दिसत होता. बाबांनी काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून भोक सुईएवढं राहिलं होतं. पाय मारला की जोरामुळे तेल चाकाकडे जायचं, पाय काढल्यावर परत यायला वाट नाही. ब्रेक लागलेलाच. बिचारं इंजिन ब्रेक ओढत घाट चढत होतं आणि आम्ही रेडिएटरला दोष देत होतो. तो चिरलेला तुकडा बाबांनी कितीतरी वर्षं टूलबॉक्समध्ये ठेवला होता.

---

जुनं_लोखंड | ६ मे, सकाळी ६.२०

सुरंगीताईंनी नेमकी जागा दाखवली. मी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. साखळीकर, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे: तीन महिन्यांपूर्वी मास्टर सिलिंडर नवा बसवला. तुम्ही ते ब्रेकची बाजू घ्यायला लिहिलंत. माझ्या मते संशय तिथूनच सुरू होतो.

गॅरेजमध्ये चाकं मोकळी फिरतात, कारण तोवर गाडी गार झालेली असते. चिकटलेला ब्रेक गरम असतानाच पकडावा लागतो. एक काम करा. सकाळी गार गाडी काढा. पेडल हाताने दाबून बघा, सुरुवातीला किती मोकळं हलतं. मग सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मध्येमध्ये ब्रेक लावा. शेवटी न्यूट्रल करून ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या. उतरून चारही रिमांजवळ हात न्या, जपून. गाडी एका हाताने ढकलता येते का बघा. परत पेडल बघा: उंच आणि कडक झालंय का?

एकच चाक गरम असेल तर त्याचा होज किंवा व्हील सिलिंडर. फक्त मागची दोन्ही असतील तर हँडब्रेकची केबल, नाहीतर मागच्या अॅक्सलकडे जाणारा होज. चारही गरम असतील तर मास्टर सिलिंडरकडे जा.

चाकं अडकलेली असताना (दोन्ही बाजूंना दगडाची उटी लावून, जॅकच्या भरवशावर गाडीखाली न शिरता) चाकामागचं निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब अडकलाय. सुटलं नाही तर दोष लोखंडात आहे: स्प्रिंग, शू, गंजलेला पिस्टन. अशी गाडी तेल न बघता चालवू नका.

---

रानभाजी | ६ मे, सकाळी ८.०५

किती शिकायला मिळतंय. मला गाडीतलं काही कळत नाही, पण धागा सोडवत नाही.

---

पेट्रोल_गंध | ६ मे, सकाळी ११.००

थोडं अवांतर. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि एसी पंपाचा (म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. पाइप मऊ पडतात आणि इंधन गळून गरम मॅनिफोल्डवर पडलं तर आग लागते. जुन्या गाडीवाल्यांनी इंधनाचे पाइप तरी बदलून घ्यावेत.

उन्हात थांबलेली गाडी परत चालू होत नाही, त्याला आपण गाडी तापली म्हणतो. पण पुष्कळदा ते व्हेपर लॉक असतं, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पाइपात अडकते. एसी पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. चालू झाली तर रेडिएटरचा काही संबंध नाही.

---

अंबूवाला | ६ मे, सकाळी ११.२५

ओलं फडकं! माझ्या डिकीत अजून एक असतं. बायको म्हणते घरातली फडकी कुठे जातात.

---

निळा_स्पॅनर | ६ मे, दुपारी ३.१५

ब्रेकला सिलिकॉन तेल म्हणजे डॉट ५ घाला, ते पाणी शोषत नाही. गोव्यासाठी उत्तम.

---

जुनं_लोखंड | ६ मे, दुपारी ४.००

@निळा_स्पॅनर, शोषत नाही हे खरं. पण आत शिरलेलं पाणी मग तेलात न मिसळता खाली एखाद्या सिलिंडरमध्ये साचतं आणि तिथे गंज धरतो. शिवाय ते डॉट ३, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. ज्याला जुनं सगळं काढून, रबरं बदलून कोरड्यापासून सुरू करायचंय त्याने विचार करावा. साखळीकरांनी सीलबंद बाटलीतलं डॉट ४ घालावं आणि दर पावसाळ्यानंतर बदलावं. अर्धी उघडी बाटली वर्षभर फळीवर ठेवून परत वापरू नका. आणि इंजिन ऑइलचा थेंबही ब्रेकमध्ये जाऊ देऊ नका, सगळी रबरं फुगतात.

---

साखळीची_पद्मिनी | १० मे, दुपारी १२.५०

जुनं_लोखंड काका, सुरंगीताई, सगळ्यांनाच, आज सकाळी करून पाहिलं.

गार असताना पेडल अगदी वर. हाताने दाबलं तर मोकळी चाल नाहीच, पहिल्याच दाबाला कडक. मला वाटायचं नवा मास्टर सिलिंडर म्हणून ब्रेक छान झालाय! साखळी ते डिचोली आणि तिथून परत. पंचवीस मिनिटांनी घराजवळच्या सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली. गाडी सरकत जायच्या ऐवजी कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबली. पेडल दगडासारखं. चारही रिम गरम, पुढचं उजवं तर जवळ हात नेववत नव्हता. शेजारचा मुलगा आणि मी दोघांनी ढकलली, हलली नाही.

मग काकांनी सांगितलं तसं उटी लावून पुढच्या उजव्या चाकाचं निपल सैल केलं. तेलाची चिळकांडी थेट माझ्या शर्टावर. ते चाक सुटलं. बाकीची तीन चाकं जागच्या जागी! म्हणजे पुढच्या उजव्याला आणखी वेगळं काही आहे का? मास्टर सिलिंडरजवळचा नट सैल केला तेव्हा बाकीचीही सुटली.

पेडल तळाला जातं म्हणून मी ब्रेक कमजोर समजत होतो. तो तर आधी सुटतच नव्हता.

---

जुनं_लोखंड | १० मे, दुपारी १.३०

शाब्बास. आता ऐका.

मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडतं आणि ओळीतलं जास्तीचं तेल टाकीत परत जातं. पेडलची पुशरॉड (पिस्टनला ढकलणारी दांडी) जरा जास्त लांब राहिली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते भोक झाकलेलंच राहतं. गाडी चालली की ब्रेक थोडे तापतात, तेल फुगतं, त्याला परत जायला जागा नाही, म्हणून ते शूजना ड्रमवर दाबतं. त्याने आणखी ताप, आणखी फुगवटा. तुमचं पेडल दगड झालं ते यामुळे. घाटात तेच पुढे जाऊन तेल उकळलं आणि पेडल एकदम मऊ पडलं. नवा मास्टर सिलिंडर बसवताना कुणी पुशरॉडची चाल बघितली नाही.

पुशरॉड लहान करा. पेडलला सुरुवातीला साधारण अर्धा ते पाऊण सेंटीमीटर मोकळी चाल राहिली पाहिजे. टाकीचं झाकण काढा, पेडल हळू दाबून सोडा. भोक मोकळं असेल तर तेलात बारीक कारंजं उठताना दिसेल, डोळे जरा लांब ठेवा. पेडलची परत ओढणारी स्प्रिंगही तपासा.

तेल सगळं काढून नवं घाला. उकळलेलं तेल ठेवू नका.

आणि पुढचं उजवं चाक निपल सोडल्यावर एकटंच सुटलं, म्हणजे त्याचा दाब बाकीच्यांपासून तुटलेला होता. त्याचा होज आतून बुजत चाललाय. सुरंगीताईंच्या वडिलांचीच गोष्ट.

---

मोलेचा_वाटाड्या | १० मे, दुपारी २.०५

म्हणजे गाडी चारही ब्रेक लावून चोर्ला चढत होती! ती तिथवर पोचली हेच पद्मिनीचं कौतुक.

---

सुरंगी | १० मे, दुपारी २.२२

एकाच वेळी सगळं बदलू नका हं. आधी फक्त पुशरॉड, मग चालवून बघा. नाहीतर नेमकं काय लागू पडलं ते कळणार नाही. आणि सगळे होज एकाच वयाचे असतील तर सगळेच बदला, फक्त उजवा नको.

---

साखळीची_पद्मिनी | १८ मे, रात्री ८.१५

ताईंचं ऐकलं. पुशरॉडचा लॉक नट सोडून फक्त दोन आटे फिरवले. टाकीत बघितलं तर कारंजं उठलं, बोटभर उंच. तेल बदलून चारही चाकांची हवा काढली. निघालेलं तेल चहासारखं काळपट होतं, तीनच महिन्यांचं.

मग रेडिएटरला हात न लावता, थर्मोस्टॅट नसलेल्या स्थितीतच, केरीच्या पुढे अर्ध्या चढणीपर्यंत एकटा गेलो. काटा मध्याच्या जरा वर जाऊन तिथेच थांबला. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पेडल शेवटपर्यंत तसंच. खाली थांबून हात लावून बघितला: तीन चाकं कोमट, पुढचं उजवं अजून गरम. होज काढला, ताईंसारखाच ब्लेडने चिरला. भोक होतं, पण एका बाजूचं रबर सुटून झडपेसारखं लोंबत होतं. सगळे होज नवे घातले.

नंतर अंबूवाल्यांचं ऐकून नवं झाकण आणि थर्मोस्टॅट, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. टायमिंगही थोडं मागे होतं, ते जागेवर आणलं. पाकळ्या धुतल्या, तांबडीमातीबाब, पाण्याचा रंग बघून तुमची आठवण आली.

---

अंबूवाला | १८ मे, रात्री ८.४०

झकास. उजवं चाक जास्त तापलंय म्हणताय, तर ड्रम उघडून लायनर (शूवरचं, ड्रमला घासणारं अस्तर) बघा. जास्त तापून गुळगुळीत, चकचकीत झाले असतील तर घासून किंवा बदलून घ्या. तसे लायनर पकडत नाहीत. ड्रमला आतून बोट फिरवा, बारीक तडे असतील तर ड्रमही बदला.

---

पाटो_पूल | १८ मे, रात्री ९.०५

मी इलेक्ट्रिक फॅनवर अडून बसलो होतो. आज घरी येऊन माझ्या गाडीचं पेडल तपासलं. मोकळी चाल नाही! उद्या पुशरॉड बघतो.

---

साखळीची_पद्मिनी | २५ मे, सकाळी ७.१०

काल आईला घेऊन बेळगावला पोचलो. चोर्ल्यात धुकं होतं, घाटमाथ्यावर दहा मिनिटं थांबलो, गाडी गरम म्हणून नव्हे तर आईला भजी हवी होती म्हणून. काटा चढणीवर एकदा मध्याच्या वर गेला आणि माथ्यावर परत खाली आला. आई पूर्ण वाट पुढच्या सीटवर डॅशबोर्डवर हात ठेवून बसली होती. माथ्यावर म्हणाली, ह्यांच्या वेळी इथे काच खाली केली की इंजिनचा असाच आवाज यायचा.

उजवे लायनर चकचकीत झालेच होते. दोन्ही बाजूंचे नवे घातले.

---

पाटो_पूल | २५ मे, सकाळी ९.४५

अभिनंदन! मी आज होज बदलतोय. जोडाला लागणारे तांब्याचे वायसर जुनेच परत वापरले तर चालतील का?

---

जुनं_लोखंड | २५ मे, सकाळी १०.०२

नाही, नवेच घाला. जुने एकदा दबलेले असतात, परत नीट बसत नाहीत आणि गळतात. घट्ट केल्यावर कुणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि जोडाखाली कोरडा कागद ठेवून बघा.